माझ्या भावाच्या मरळी

माझ्या भावाचं नाव मान-बिऊ. बिऊ म्हणजे वाघाचा बछडा. नाव आजोबांनी ठेवलं आणि त्याचं ओझं आम्ही बाकीच्यांनी वाहिलं. वाघाचा एकच गुण त्याच्यात होता: दुपारी पोट भरलं की संध्याकाळपर्यंत तो हलायचा नाही.

आई तो रांगत असतानाच गेली, म्हणून त्याला मी वाढवलं. मऊ भात त्याला, तळाची करपलेली खरवड मला. माशाचा गाल त्याला, काटे मला. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मुलगा आहे, खाऊ दे, असं सगळेच म्हणायचे आणि मीही म्हणायची. पुढे तो दाढीमिशांचा झाला, त्याचं लग्न झालं, तरी ताटात गाल दिसला की त्याचा हात आपोआप पुढे यायचा. बायकोच्या ताटातलाही तो उचलायचा. साऊ-हांग बिचारी बघत राहायची.

माझं लग्नाचं वय झालं तेव्हा मी देवीसमोर बसून स्वतःच्या हातानं केस विंचरले, वर अंबाडा घातला आणि कुणाच्याही घरी नांदायला जाणार नाही अशी शपथ घेतली. आमच्या शुन्डाकमध्ये रेशमावर पोट भरणाऱ्या कितीतरी बायका हेच करतात. बिऊ इतका खूष झाला की त्यानं शेजाऱ्यांना केक वाटले. बहीण घरात राहणार म्हणजे राबणारे दोन हात घरात राहणार, एवढं गणित त्याला चांगलं येत होतं. मात्र शपथ घेतलेल्या बाईला माहेरच्या छपराखाली मरता येत नाही, हे तो सोयीनं विसरला. मरायला टेकले की मला उचलून बाहेर ठेवणार, मग पाऊस असो की थंडी. म्हणून आमच्यासारख्या बायका मिळून एक घर बांधतात, म्हातारपणी तिथे राहतात आणि तिथेच डोळे मिटतात. आमच्या गावचं ताईघर कालव्याच्या कडेला आहे. तिथे एक खोली मिळावी, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात स्वतःसाठी मागितली.

आमच्या घरात डोकं होतं ते बाबांना. जाण्याआधी त्यांनी गावच्या चार वडीलधाऱ्यांसमोर वाटणी केली. तळ्यातलं पाणी आणि मासे बिऊचे. भोवतालचा तुतीचा बांध आणि तळ्यातला गाळ माझा. दरवर्षी दुंग-जीच्या, म्हणजे ऐन थंडीतल्या सणाआधी तळं उपसायचं, मासे त्यानं न्यायचे, गाळ मी बांधावर ओढायचा. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्यावाचून जेवता येऊ नये अशी ती वाटणी होती. बाबांना मुलगा नीट माहीत होता.

कारण आमच्याकडे तळं आणि बांध वेगळे नसतातच. बांधावरची तुती ऊन खाते, तुतीची पानं माझे रेशमाचे किडे खातात, किड्यांच्या लेंड्या आणि उरलासुरला पाला तळ्यात पडतो. त्यानं पाणी हिरवं होतं, हिरव्या पाण्यावर चंदेरे मासे पोसतात, गवत्या माशांना बांधावरचं गवत मिळतं, तळाशी चिखल चिवडणारे छोटे मासे सगळ्यांचं उष्टं संपवतात. त्यातून जे उरतं त्याचा गाळ होतो आणि गाळावर पुन्हा तुती येते. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला वाटतं, वा, हे चाक आपलं आपण फिरतंय. बाबा अशा पाहुण्यांना हसायचे. प्रत्येक हातात बरंच काही सांडतं, ते म्हणायचे. टोपल्या भरभरून पानं घाला तेव्हा मूठभर रेशीम दिसतं. काही लेंड्यांत जातं, आणि बाकीचं किड्याच्या जगण्यातच जळून जातं. किडे शेवटच्या आठवड्यात हावऱ्यासारखे खातात तेव्हा तबकातल्या पाल्यात हात घालून बघावा, ऊब लागते. गाळानं पानाला खत मिळतं, ऊब मिळत नाही. ती वरून, उन्हातूनच, रोज नव्यानं यावी लागते. म्हणून बाबा तळ्यात मासा असा सोडायचे की जो हिरवं खातो, म्हणजे उन्हाच्या जवळ बसून जेवतो. जितकं लांब बसावं तितकं ताटात कमी पडतं.

बिऊ हे सगळं लहानपणापासून ऐकत आला होता. ऐकताना तो बहुधा माशाचा गाल खात असावा.

बाबा गेल्यावर त्यानं चहाच्या पेढीवर बसायला सुरुवात केली. सकाळी उठून गवत्यांसाठी गवत कापायचं सोडून हा वाफवलेल्या मोदकांच्या टोपल्या समोर घेऊन बसायचा. तिथे कुणीतरी त्याच्या कानात भरवलं की शहरातल्या मेजवान्यांत गवत्याला कुणी विचारत नाही, तिथे मान मरळीला. झालं. आमचा वाघ हरभऱ्याच्या झाडावर चढला तो उतरलाच नाही.

"ताई, गवत्या म्हणजे पाण्यातला बैल," घरी येऊन तो मला सांगायला लागला. "आणि ते बाकीचे तर लेंड्यांवर जगतात. लोक मला काय म्हणतात माहितीये? शेणखाऊंचा मालक!"

"लोक खरं बोलतात. त्या शेणखाऊंवर तुझं घर उभं आहे."

"मरळ बघ कशी असते. एकटी फिरते. कुणाचं उष्टं खात नाही. वाघ आहे वाघ!"

"आणि वाघाला खायला काय घालणार तू?"

"वाघ स्वतःचं स्वतः बघतो गं."

त्यानं तळ्यातले सगळे मोठे गवत्या आणि चंदेरे विकून टाकले आणि मरळीची पिल्लं आणून सोडली. तळातले छोटे मासे राहू दिले, मरळींना तोंडी लावायला. पहिल्या उन्हाळ्यात त्याची खरंच चैन झाली. मरळी सुटल्यासारख्या वाढल्या. बिऊ बांधावर खुर्ची टाकून बसायचा, आल्यागेल्याला बोलावून पाणी दाखवायचा. एका मरळीचं नाव त्यानं सेनापती ठेवलं होतं. बाकीच्या त्याच्या मते सैन्य. सैन्याला रसद कुठून येते हा प्रश्न या सेनापतीच्या मालकाला पडलाच नाही.

शरद ऋतू येईपर्यंत छोटे मासे संपले. मग तो शेजारच्या तळ्याच्या म्हाताऱ्या फोककाकांकडून बारके मासे आणायला लागला. टोपली आणायचा, ओतायचा, दोन दिवसांत पाणी पुन्हा रिकामं. मासे आणून आणून थकला तेव्हा बेडूक. बेडूक संपले तेव्हा साऊ-हांगची बदकाची पिल्लं. ती रडत माझ्याकडे आली.

"वन्सं, हे म्हणतात पिल्लं पोहायला नेली होती."

"मग पोहली का?"

"एक फेरी," ती म्हणाली, आणि रडतारडता तिला हसू फुटलं.

त्या वर्षी दुंग-जी जवळ आला तेव्हा मी टोपल्या बाहेर काढल्या. बिऊ हात जोडून उभा राहिला. हे त्याचं जुनं तंत्र. मरळी चिखलात घुसून बसतात, उपसलं तर सैन्य बिथरेल, अजून एक वर्ष वजन भरू दे, पुढच्या वर्षी तुला दुप्पट गाळ. वर म्हणतो कसा, "ताई, तुझं माझं काय वेगळं आहे?" हे वाक्य तो फक्त माझी वस्तू हवी असतानाच म्हणायचा. त्याची वस्तू कधी मध्ये आल्याचं मला आठवत नाही. भांडण नको म्हणून मी टोपल्या आत ठेवल्या.

गाळ न मिळालेल्या तुतीनं पुढच्या वर्षी त्याचा जबाब दिला. पानं बोटाएवढी, कडा पिवळ्या. मी किडे कमी ठेवले, इतरांच्या बांधावरून फांद्या मागून आणल्या, आणि माझ्याकडच्या लेंड्या पोत्यात भरून फोककाकांच्या तळ्यात टाकायला दिल्या. आमच्या तळ्यातल्या वाघांना त्या चालत नव्हत्या ना. फोककाकांचे चंदेरे त्या वर्षी असे माजले की पाण्यावर पाठी दिसायच्या. बिऊ ते बघायचा आणि म्हणायचा, "चरबी आहे नुसती."

त्याच उन्हाळ्यात ताईघरात एक म्हातारी गेली आणि तिची खोली रिकामी झाली. घराचा कारभार लिन-आत्याकडे. तिनं मला बोलावून सांगितलं, "युट-सिम, खोली तुझी. रिवाजाप्रमाणे शरदातल्या शेवटच्या कोषांचा वाटा आण आणि गाठोडं घेऊन ये. नाही जमलं तर पलीकडच्या गावची एक जण वाट बघते आहे." तेव्हा मला खोकला लागला होता. कोष उकळणाऱ्या पाण्याच्या वाफेवर आयुष्य काढलं की छातीत घरघर राहते. रात्री खोकले की भिंतीपलीकडून बिऊ साऊ-हांगला विचारायचा, "हिचं काही गंभीर नाही ना?" काळजी माझी नव्हती. मी घरातच मेले तर घराला दोष लागेल, ही होती.

त्या शेवटच्या किड्यांना मी जपलं तसं बिऊलाही कधी जपलं नव्हतं. किड्यांच्या खोलीत आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही, दारू पिऊन येत नाही, माशाचा वास घेऊन तर नाहीच नाही. हात धुऊन, पाय पुसून, श्वास आवरून जायचं. किडे कात टाकायच्या शेवटच्या झोपेतून उठले, बोटाएवढे जाड झाले, अंग पारदर्शक व्हायला लागलं. आणखी एखादा दिवस खातील आणि कोष विणायला चढतील, अशा वेळी मी सकाळी लिन-आत्याला निरोप द्यायला कालव्यावर गेले. परत आले तर खोलीचं दार उघडं, उंबऱ्यावर चिखलाचे पाय, आणि तबकांमागून तबकं रिकामी. कोपऱ्यातले थोडे किडे उरले होते, तेही माशाच्या वासानं मान टाकून पडलेले.

मी धावत बांधावर गेले. बिऊ पाण्यात शेवटची टोपली झटकत होता. पांढरे किडे पाण्यावर तरंगत होते आणि खालून काळी तोंडं येऊन ते एकेक ओढून नेत होती.

"अगं, ओरडू नकोस," तो म्हणाला. "किडे तसेही मरणारच होते. तू उकळत्या पाण्यात टाकतेस, मी गार पाण्यात टाकले."

"बिऊ, ती माझी खोली होती."

"खोली कुठे पळून जातेय? मरळी उपाशी होत्या गं ताई. एकमेकींना खायला लागल्या होत्या. बघवत नाही मला."

बघवत नाही! बायकोची पिल्लं बघवली, माझी छाती बघवली, आणि मरळीची भूक याला बघवेना. मला त्या क्षणी राग आला नाही, किळस आली. हा इतका वाढलेला माणूस, मिशा फुटलेला, आणि याला अजून कळलं नव्हतं की जे खातोय ते कुणीतरी आधी पिकवलेलं असतं. त्याला वाटायचं जगात अन्न ताटातच उगवतं.

मी तशीच ओल्या पायांनी लिन-आत्यापुढे जाऊन उभी राहिले. झालं ते सांगितलं. तिनं चुलीत दोन काड्या सारल्या.

"दुंग-जीपर्यंत थांबते," ती म्हणाली. "पण फुकट नाही घेता येणार. बाकीच्या काय म्हणतील? कोष नाहीत, तर आणशील काय?"

"गाळ," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून कसं निघालं मलाच कळलं नाही. "दोन वर्षांचा. उपसलेलाच नाही."

तिनं मान वर केली. ताईघराचा स्वतःचा तुतीचा बांध होता आणि त्याला तळं नव्हतं. "किती खोल?"

"मांडीपर्यंत असेल. जे जे घरात होतं ते ते त्यानं तळ्यात ओतलंय, आत्या. मरळींच्या अंगाला लागलं त्याहून जास्त तळाशी पडलंय."

लिन-आत्या पहिल्यांदाच हसली. "मग टोपल्या आमच्या," ती म्हणाली.

ओहोटीनं कालवा खूप खाली गेला होता त्या दिवशी सकाळी ताईघरातल्या सगळ्या जणी पाटलोणी गुडघ्यावर दुमडून, डोक्याला फडकी बांधून आमच्या बांधावर आल्या. बिऊ तळ्याचं पाणी अडवणाऱ्या मोरीच्या फळ्यांवर जाऊन बसला.

"कुणी फळीला हात लावायचा नाही! अजून वजन भरायचंय! ताई, सख्ख्या भावाचं तळं फोडतेस?"

"तळं तुझंच आहे," मी म्हटलं. "मी माझा गाळ न्यायला आलेय."

"गाळ घे की! मी कुठे नाही म्हणतो? पाणी तेवढं राहू दे."

फोककाका वाटणीच्या वेळी हजर असलेल्या चौघांपैकी. ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "मग तू बुडी मारून काढून दे तिला, बिऊ. टोपली मी धरतो." सगळा बांध हसला. बिऊ उठला. लोक हसले की तो नेहमी उठायचा. आयुष्यात त्यानं मानली असेल तर तेवढीच एक गोष्ट.

फळ्या निघाल्या, पाणी कालव्याकडे धावलं. तळं उपसणं म्हणजे गावाला जत्राच, जो तो येऊन बघतो. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी मासा दिसेना. बिऊ टोपल्या रचून उभा होता, शहराकडे न्यायची होडीसुद्धा त्यानं सांगून ठेवली होती. मग चिखलात काहीतरी हललं. मरळी होत्या, पण सैन्य नव्हतं. मोठ्यांनी लहान खाल्ल्या होत्या, फार मोठ्यांनी मोठ्या. काही पावसाळ्यात बांधावरून सरपटत फोककाकांच्या तळ्यात गेल्या होत्या आणि काकांनी त्या काही न बोलता खाल्ल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. उरल्या त्या एका टोपलीत मावल्या. होडीवाला टोपलीकडे बघून होडी घेऊन निघून गेला.

सेनापती मात्र खरंच प्रचंड होता. बिऊनं त्याला दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर धरलं.

"बघा! असा मासा कुणाच्या तळ्यात आहे?" तो ओरडला.

चिखलानं माखलेला, डोक्यावर एक मासा, पायाखाली रिकामं तळं, आणि या माणसाची छाती फुगलेली. मला त्याची कीव यावी असं फार वाटलं. नाही आली.

आणि गाळ! काळा, लोण्यासारखा, वास असा की नाकातले केस जळावेत. फोककाकांचे बारके मासे, बेडूक, बदकाची पिल्लं, माझे किडे, सगळं त्यात मुरलं होतं. आम्ही संध्याकाळपर्यंत टोपल्या वाहिल्या, आधी माझा बांध भरला, मग होड्या भरभरून ताईघराचा. लिन-आत्यानं मूठभर गाळ हातात घेऊन चुरला, वास घेतला आणि म्हणाली, "पलीकडच्या गावच्या बाईला निरोप पाठवते, दुसरीकडे बघ म्हणून."

दुंग-जीच्या दिवशी मी गाठोडं घेऊन माझ्या खोलीत राहायला गेले. खिडकीतून कालवा दिसतो. भिंतीला चुन्याचा वास होता आणि भिंतीपलीकडून कुणीही माझा खोकला मोजत नव्हतं. मी खाटेवर बसले आणि मला रडू आलं. सुखानंच आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुपारी साऊ-हांग मातीचं भांडं घेऊन आली. सेनापतीचं सूप होतं, छातीला चांगलं म्हणून. एका टोपलीसाठी शहरापर्यंत होडी कुणी नेईना आणि मेलेली मरळ मेजवानीला कुणी घेत नाही, म्हणून शेवटी तो आमच्याच चुलीवर शिजला. ताईघरात पुरुषाला पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे बिऊ फाटकाबाहेर उभा होता.

"ताई!" त्यानं बाहेरून हाक मारली. "कसा झालाय माझा मासा?"

मी वाडग्यात बघितलं. दोन उन्हाळ्यांचं ऊन, माझ्या बांधाची पानं, किडे, फोककाकांच्या टोपल्या, साऊ-हांगची पिल्लं, आणि शेवटी हे एवढं सूप. वर गाल तरंगत होता. मी आधी तो साऊ-हांगच्या तोंडात घातला. ती इतकी दचकली की चावायचं विसरली. मग बाकीचं मी बसून सावकाश संपवलं. छातीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"ताई, सांग ना!"

मी काटे भांड्यात गोळा केले, झाकण ठेवलं आणि भांडं साऊ-हांगच्या हातात दिलं. "त्याला सांग, माझ्या बांधावर पायरीजवळची तुती आहे ना, तिच्या बुंध्याशी हे पूर."

दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, खरंच पुरले म्हणून. खड्डासुद्धा स्वतःच खणला म्हणे. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्या बांधाला काहीतरी दिलं, आणि तेही माझंच होतं.